खंडवा रोडवर डंपरची गिट्टी आणि टायरची पट्टी लागली : बोनेट, काच, बंपर, दार यांपैकी काय दुरुस्त करावं, काय बदलावं?

स्नेहलतागंज | रविवार, संध्याकाळी ७:१५

मंडळी, सल्ला हवा आहे आणि जरा सविस्तर हवा आहे.

खंडवा रोडच्या कामाबद्दल इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. ओंकारेश्वरहून येताना सिमरोलच्या आधी पुढच्या डंपरमधून गिट्टी सांडत होती. वर तिरपाल नाही, मागचा फाळका नीट लागलेला नाही. मागे राहावं म्हटलं तर पाठीवर बस. बोनेटवर आणि काचेवर ताडताड खडे बसले. तिथून सुटून तेजाजीनगरजवळ आलो, तर ट्रकच्या टायरची सोललेली पट्टी रस्त्यात आडवी पडलेली. डावीकडे स्कूटरवर एक कुटुंब होतं, उजवीकडे ट्रक. वळवायला जागाच नव्हती. पट्टी बंपरला लागून गाडीखाली गेली आणि चाकाने उडून दारावर आपटली.

गाडी चार वर्षांची, पेट्रोल, १२०० सीसी, रंग पर्ल पांढरा. विमा झीरो डेपचा (म्हणजे भागांवर घसारा न कापणारा), आजवर एकही क्लेम नाही.

बोनेटवर सात-आठ ठिकाणी रंगाचे टवके उडालेत, त्यातल्या दोन जागी पत्रा दिसतो. पुढच्या काचेवर डावीकडे चांदणीसारखा बारीक तडा, एक रुपयाच्या नाण्यात मावेल इतका. बंपर खालून डावीकडे चार बोटं चिरलाय आणि चाकाच्या कमानीपाशी सुटून लोंबतोय. डाव्या दारावर मुठीएवढा पोचा आणि रबराचे काळे वळ, पण रंग फुटलेला दिसत नाही.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी उभी केल्या केल्या सांगितलं : बंपर नवा, बोनेट पूर्ण रंगवू, दार नवं, काच नवी. देवास नाक्याकडच्या एका डेंटरने सांगितलं, "मॅडम, दो दिन में ऐसी कर दूँगा कि पता नहीं चलेगा." दोघांनीही गाडी वर उचलून खालून पाहिली नाही. मला नेमकं तेच खटकतंय. बाबा म्हणतात श्रावणाच्या पावसात उघडा पत्रा ठेवू नकोस. कुठून सुरुवात करू?

पत्रेकाम | रविवार, रात्री ९:४०

ताई, तुम्हाला खटकलं ते बरोबर आहे. माझं आयुष्य बॉडी शॉपमध्ये गेलंय, म्हणून क्रम सांगतो. आधी गाडीच्या पोटाखाली बघायचं, मग पत्रा, रंग सगळ्यात शेवटी. लोक उलट करतात, कारण रंग डोळ्यांना दिसतो.

टायरची पट्टी दिसते रबराची, पण तिच्यात पोलादी तारा असतात आणि चाकाने उचलली की ती चाबकासारखी मारते. बंपर ही फक्त बाहेरची कातडी आहे. त्याच्या मागे जाळीजवळ एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर. खाली इंजिनाचं ऑइल चेंबर. चाकाच्या आत प्लास्टिकचं अस्तर, त्याच्या मागे वायरिंग आणि बऱ्याच गाड्यांत वॉशरच्या पाण्याची टाकी. चाकाजवळ ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची वायर. हे सगळं पट्टीच्या वाटेत येतं.

उद्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी खाली एक पुठ्ठा सरकवून ठेवा. अर्ध्या तासाने डाग पडलाय का पाहा. काळपट तेलकट असेल तर इंजिन ऑइल, गाडी हलवायची नाही, टो करायची. हिरवा, लाल किंवा निळा गोडसर वासाचा असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, पातळ, बोटाला निसरडं लागलं तर ब्रेक फ्लुइड, तेव्हाही गाडी हलवायची नाही. मग एसी लावून पाहा, थंड होतो का. लोंबणारा बंपर चाकाला घासत असेल तर केबल टायने बांधा आणि चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून अस्तर टायरला लागत नाही ना बघा. कितीतरी गाड्यांत मूळ मार निभावला आणि नंतर घासून घासून टायर कापला गेला.

आणि दोन्ही ठिकाणी सांगा, एस्टिमेट रॅम्पवर उचलून, बंपर उतरवून द्या. तसं करायला तयार नसतील तर तो कागद निरुपयोगी आहे.

पोहेछप्पन | रविवार, रात्री १०:०५

काचेवर आत्ताच पारदर्शक चिकटपट्टी लावा. बाहेरून, कोरड्या काचेवर. तड्यात धूळ-पाणी गेलं की रेझिन नीट बसत नाही. एसीचा झोत काचेवर सोडू नका.

निवृत्त_सर्व्हेयर | सोमवार, सकाळी ८:२०

ग्वाल्हेरहून लिहितोय. मोटार विम्याचं सर्वेक्षण हेच माझं काम होतं. एक गोष्ट कोणीच बोललं नाही, आणि ती तुमच्या खिशाशी निगडित आहे.

तुमच्या सांगण्यात दोन घटना आहेत. सिमरोलजवळ गिट्टी, तेजाजीनगरजवळ पट्टी. क्लेमच्या अर्जावर एक तारीख, एक वेळ, एक जागा आणि एक कारण लिहायचं असतं. बोनेट आणि काच हे गिट्टीचं नुकसान, बंपर, दार आणि खालचं जे निघेल ते पट्टीचं. तेव्हा हे दोन वेगळे क्लेम होतात आणि प्रत्येकावर सक्तीची वजावट वेगळी लागते. १५०० सीसीपर्यंत ती १,००० रुपये आहे. वर्कशॉपचा माणूस म्हणेल, "सगळं एकातच टाकून देतो." तसं करू देऊ नका. सर्व्हेयरला माराची दिशा आणि खुणा वाचता येतात, आणि अर्जात लिहिलेलं जुळलं नाही की खरा क्लेमही अडकतो.

आता क्लेम करावा का? चार वर्षं क्लेम नाही म्हणजे ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर तुम्हाला ४५ टक्के नो क्लेम बोनस मिळत असेल. पुढच्या वर्षी तो ५० झाला असता. एक क्लेम केलात की पुढच्या नूतनीकरणाला शून्य, आणि पुन्हा २० पासून २५, ३५ अशी चढण. बोनस शाबूत ठेवण्याचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तर गोष्ट निराळी, पॉलिसीत पाहून घ्या. बोनस गेल्याने येत्या काही वर्षांत किती जास्त भरावं लागेल ते मांडा आणि दुरुस्तीच्या खर्चाशी ताडून पाहा. हा हिशेब गाडी उघडल्याशिवाय होत नाही, म्हणून वरचे पत्रेकाम सांगतात तेच आधी.

झीरो डेप आहे ही चांगली गोष्ट. साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, मग बंपर कालच बसवलेला का असेना. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे : पहिले सहा महिने काही नाही, मग ५, १०, १५, चौथ्या वर्षात २५, पाचव्यात ३५, पुढे ४० आणि दहा वर्षांनंतर ५० टक्के. रंगाच्या सामानावर ५०. काचेवर घसारा नाही. झीरो डेपमध्ये हे सगळं सुटतं, पण वजावट सुटत नाही, आणि बहुतेक पॉलिसींमध्ये झीरो डेपचे क्लेम वर्षाला दोनच धरतात.

सर्वेक्षण होईपर्यंत कशालाही हात लावू नका. चारही कोपऱ्यांतून, नंबर प्लेट येईल असे फोटो काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : तेल किंवा कूलंट गळताना गाडी चालवून इंजिन जाम झालं, तर साधी पॉलिसी ते नुकसान देत नाही. तो परिणामी तोटा धरतात. पुठ्ठ्याचा उपाय विम्याच्या दृष्टीनेही खरा आहे.

स्नेहलतागंज | सोमवार, दुपारी १:३०

निवृत्त काका, दोन घटनांचं मला खरंच सुचलं नसतं. मनापासून आभार.

पुठ्ठा ठेवला होता. तेलाचा डाग नाही, कूलंटची पातळी ठीक, ब्रेक नीट. पण एसी थंडच होत नाहीये, नुसती हवा. खालच्या जाळीतून टॉर्च मारला तर डावीकडे कंडेन्सरच्या पातळ पट्ट्या दबल्यात आणि तिथे तेलकट, धूळ चिकटलेला ओला डाग आहे. चाकाचं अस्तर फाटलंय.

पत्रेकाम | सोमवार, दुपारी २:१०

म्हणजे कंडेन्सर फुटला. गॅस उडून जातो, पण त्याच्याबरोबर कंप्रेसरचं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. तो डाग हीच खूण. बंपरचं ब्रॅकेट आत दबून त्याचं टोक लागलं असणार.

नुसता गॅस भरून घेऊ नका. "गॅस कम है" म्हणून भरून देणारे शहरात पुष्कळ आहेत, आठवड्यात पुन्हा तेच. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावला की भोक तिथेच बुडबुडे दाखवतं. भोक निघालं की कंडेन्सर बदलायचा, ॲल्युमिनियमच्या त्या पातळ नळ्यांना डाग देऊन टिकत नाही. बरोबर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) बदला, सील नवे घाला, व्हॅक्यूम नीट करून घ्या, आणि जेवढं तेल गेलं तेवढं मोजून भरायला सांगा, नाहीतर कंप्रेसर जाईल. एसी आता लावू नका.

पाहिलंत ना, दोघांच्याही एस्टिमेटमध्ये हे नव्हतं.

पिथमपूर_पेंटशॉप | सोमवार, रात्री ९:००

बोनेटबद्दल मी लिहितो. पिथमपूरच्या कारखान्यात रंगविभागात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. "बोनेट पूर्ण रंगवू" हे वाक्य लोकांना औदार्य वाटतं. मला ते ऐकून वाईट वाटतं, आणि का ते सांगतो.

कारखान्यात अख्खी बॉडी रसायनाच्या टाकीत बुडते. विजेच्या प्रवाहाने तिच्या प्रत्येक सांधी-कोपऱ्यात प्राइमर चिकटतो, त्याला ई-कोट म्हणतात. जाडी सुमारे २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि तो १६० अंशांच्या वरच्या भट्टीत भाजला जातो. त्यावर सरफेसर म्हणजे पृष्ठभाग सपाट करणारा थर, त्यावर रंगाचा बेस, त्यावर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर. पर्ल रंगात बेस आणि क्लिअर यांच्यामध्ये पर्लचा आणखी एक थर. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. वहीच्या दोन पानांपेक्षा फारसं जाड नाही.

हा ई-कोट पुन्हा कोणालाही देता येत नाही. तयार गाडीत वायरिंग आहे, प्लास्टिक आहे, रबर आहे, ती १६० अंशांत घालता येत नाही. बाहेरचं चांगल्यात चांगलं बूथ ६० अंशांवर हार्डनरच्या जोरावर रंग सुकवतं. ते काम चांगलं होऊ शकतं, नाही असं नाही. पण बाकीचं बोनेट शाबूत असताना सात-आठ टवक्यांसाठी मूळ थरांवर घासकागद मारायचा? आणि पर्ल पांढरा हा जुळवायला सगळ्यांत अवघड रंगांपैकी एक. पर्लचा थर किती हात मारला त्यावर छटा बदलते. बोनेट नवं रंगवलं की दोन्ही फेंडरपर्यंत रंग विरवत न्यावा लागतो, म्हणजे चांगल्या फेंडरनाही हात लागला. नाही विरवला तर उन्हात बोनेट वेगळं दिसतं.

रंगाला खडे लागणार हे गृहीत धरूनच रंग तपासतात. एसएई जे-४०० नावाची चाचणी आहे, त्यात मोजून घेतलेले खडे दाबाच्या हवेने रंगवलेल्या पत्र्यावर मारतात आणि किती टवके उडाले, कोणत्या थरापर्यंत उडाले ते मोजतात. तुम्ही घरी हेच वाचायचं आहे. टवक्याच्या तळाशी पांढरट किंवा राखाडी दिसलं तर प्राइमर शिल्लक आहे, घाई नाही. चकचकीत धातू दिसला तर पाऊस लागण्याआधी झाकायला हवा. लालसर ठिपका आला असेल तर गंज सुरू झाला, आणि तो रंगाच्या कडेखालून आत पसरतो.

तुमच्या दोन उघड्या जागा घरी करता येतील. क्लेममध्ये बोनेट घालणार असाल तर मात्र सर्वेक्षणानंतर. कोरडा दिवस पाहा, पत्रा हाताला कोमट लागला पाहिजे. रंगाचा कोड इंजिनाच्या खणात किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो, त्याच कोडचा टच-अप घ्या, पर्लला तीन बाटल्या लागतात. टवक्याच्या कडेचा सुटलेला रंग लाकडी टूथपिकने अलगद उचकटा. गंज असेल तर ६०० नंबरच्या कागदाचा बारीक तुकडा पेन्सिलीच्या मागच्या रबरावर चिकटवा आणि तेवढाच ठिपका फिरवून घासा, बाहेर जाऊ देऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही, हाताचं तेल पुरेसं असतं रंग सोडायला. टूथपिकच्या टोकावर इपॉक्सी प्राइमरचा थेंब घ्या आणि पत्र्याला टेकवा, तो आपोआप पसरतो. ब्रशने ओढू नका. सुकू द्या. मग बेस, मग पर्ल, मग क्लिअर, प्रत्येक थर पातळ आणि आधीचा पूर्ण सुकल्यावर. शेवटचा थर आजूबाजूच्यापेक्षा किंचित वर राहिला पाहिजे. आठवडाभराने २००० नंबरच्या पाण्यात भिजवलेल्या कागदाने तेवढाच उंचवटा सपाट करा आणि पॉलिश मारा.

जवळून पाहिलं तर कळेल. दोन पावलांवरून कळणार नाही. पण पत्रा वाचेल, आणि बाकीच्या बोनेटवरचा मूळ रंग तुमच्याकडे राहील.

झटपट_इंदूर | सोमवार, रात्री ९:४५

काका, एवढा वेळ कोणाकडे आहे? पुट्टी भरा, गन मारा, विषय संपला. मी दोन गाड्या अशाच केल्या, विकतानाही कोणी काही बोललं नाही.

पत्रेकाम | सोमवार, रात्री १०:२०

भाऊ, पुट्टीशी माझं वैर नाही. नीट लावली तर तीही काम करते. पण बोनेटच्या टवक्यात पुट्टीचं काही काम नाही, आणि पोच्यात ती कुठे भरायची हे समजून घ्या.

बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. आधी हातोडी आणि डॉलीने (मागून टेकवायच्या लोखंडी ठोकळ्याने), किंवा वॉशर जोडून खेचून, पत्रा जागेवर आणायचा. राहिलेली उणीव दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पुट्टीने भरायची. घाई करणारा पत्रा न काढताच खड्डा भरतो. मग दार आपटून, उन्हात तापून, पावसात गार होऊन ती ढेप कडेने सुटते. दुसरं, ही पुट्टी पाणी पिते. उघड्या पत्र्यावर लावून पाण्याचा कागद मारला की पाणी आत राहतं आणि वरून सुंदर रंग चढतो. एक पावसाळा जातो, मग फोड येतात. म्हणून पत्र्यावर आधी इपॉक्सी प्राइमर, पुट्टी कोरड्या कागदाने घासायची.

पांढऱ्या गाडीला तिसरी गोष्ट : लवकर सुकावी म्हणून हार्डनर जास्त घालतात. प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास हवं. जास्त झालं की महिन्या-दोन महिन्यांत पांढऱ्या रंगावर पिवळट डाग उमटतो, आणि तो कितीही पॉलिश केलं तरी जात नाही, कारण तो खालून आलेला असतो.

विकताना कोणी बोललं नाही, हे खरं असेल. पण आता जुनी गाडी घेणारे रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतात. १२० मायक्रॉनच्या जागी ५०० दिसले की भाव तिथेच पडतो.

झटपट_इंदूर | सोमवार, रात्री १०:३५

हार्डनरचा पिवळा डाग... माझ्या पहिल्या गाडीच्या फेंडरवर नेमका तोच आहे. मला वाटलं होतं झाडाचा चीक पडलाय. हे वाचून ठेवतो.

बडोदेकर_दांडियाबाजार | मंगळवार, सकाळी ७:५०

बडोद्याहून नमस्कार. आमच्याकडे हाय-वेवर मालट्रक इतके की बंपर हा आमचा रोजचा विषय.

बंपर उतरवला की आतल्या बाजूला ठसा पाहा. त्रिकोणी कंसांत प्लास्टिकची जात लिहिलेली असते, बहुतेक वेळा पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पुढे ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर. ते उष्णतेने वितळून जोडता येतं, त्याच जातीची कांडी लावून. आतून गरम पिना रोवून वर कांडीचा थर दिला की चार बोटांची चीर छान सांधते. साध्या गोंदाने किंवा एम-सीलने जोडायला जाल तर सुटेल, पीपीला काही सहज चिकटत नाही. त्याच कारणाने रंगाआधी ॲडहिजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा थर) मारावाच लागतो. तो वगळला की वर्षभरात रंगाची सालं निघतात.

ताईंच्या बंपरला मात्र बाजूने लोंबणं आहे. चीर हे खरं दुखणं नाही, अडकवायचे कान तुटलेत का ते पाहा. कान तुटले असतील तर जोडूनही फट राहते आणि वेगात बंपर थरथरतो.

ज्यांच्या गाडीत पुढे रडार आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. आपोआप ब्रेक लावणाऱ्या काही गाड्यांत रडार बंपरच्या किंवा लोगोच्या मागे असतं. त्याच्यासमोर पुट्टी किंवा रंगाचे जाड थर चढले तर त्याची नजर बिघडते. तिथे कंपनीच्या पुस्तिकेत काय परवानगी आहे ते विचारूनच काम करा, आणि नंतर कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा जुळवून, घ्या. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांची काच बदलली तरी कॅलिब्रेशन लागतं.

पोहेछप्पन | मंगळवार, सकाळी ९:१५

काचेचं पूर्ण करतो. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पडदा. खडा बहुधा बाहेरचीच काच फोडतो. तडा नाण्याएवढा, चालकाच्या थेट नजरेसमोर नाही, काठापासून लांब, आणि आतली काच हाताला गुळगुळीत लागत असेल, तर रेझिन भरून भागतं. आतली हवा खेचून घेतात, रेझिन दाबून भरतात, अतिनील दिव्याने सुकवतात. पुसटशी खूण राहते. तडा काठापर्यंत पोहोचला असेल तर मात्र काच बदला, कारण ती काच छपराला आधार देते आणि एअरबॅग उघडताना तिचा उपयोग असतो. मूळ काच कंपनीत बसवलेली आहे, ती शक्यतो काढू नका. बाहेर नवी बसवताना चिकटवणाऱ्याने घाई केली की पहिल्याच झडीत पाणी डॅशबोर्डात.

मल्हारगंज_दुचाकी | मंगळवार, दुपारी १२:४०

सगळं वाचतोय, उपयोगी आहे. पण मला एक सांगायचंय. मी रोज बायपासने मांगलियाकडे दुचाकीवर जातो. ताईंच्या बोनेटवर जो खडा बसला तो माझ्या मानेवर बसतो. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतं, राजवाड्यापाशी कागदाचा बोळा दिसत नाही, आणि बायपासवर बंद पडलेला ट्रक निघून गेल्यावर चाकाखाली लावलेले धोंडे तसेच रस्त्यात. रात्री ते दिसत नाहीत. हे कोणीतरी उचलायला हवेत, आणि उचलायला लावायला हवेत.

राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा नंबर चोवीस तास चालतो. लोक तो फक्त अपघात झाल्यावर लावतात. रस्त्यात पडलेल्या वस्तूसाठीही लावा, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. राजमार्गयात्रा ॲपवर फोटोसकट तक्रार करता येते.

निवृत्त_सर्व्हेयर | मंगळवार, दुपारी ३:०५

मल्हारगंज, अगदी रास्त. त्यात कायद्याची भर घालतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. माल गाडीच्या बाहेर किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तरी २०,००० रुपये. फाळक्याच्या वर डोंगर रचलेला डंपर यात बसतो.

डंपरचा नंबर मिळाला असेल तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून नुकसानभरपाई मागता येते. मालमत्तेच्या नुकसानीची तिथली मर्यादा ७.५ लाख आहे आणि दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. पोलिसांत नोंद आणि पुरावा हवा. टवक्यांसाठी कोणी तिथपर्यंत जात नाही, पण काच फुटून माणूस जखमी झाला तर हीच वाट. म्हणून डॅशकॅमला मी चैन मानत नाही.

स्नेहलतागंज | गुरुवार, रात्री ८:३०

बंपर उतरवून, रॅम्पवर उचलून तपासणी झाली. मी शेजारी उभी होते. दोन कान तुटलेत, ब्रॅकेट आत वाकलंय, नायट्रोजन दिल्यावर कंडेन्सरवर फेस आला. ऑइल चेंबरवर ओरखडा आहे पण गळती नाही. पट्टीच्या घटनेचा क्लेम केला : बंपर, ब्रॅकेट, अस्तर, कंडेन्सर. आकडा मांडल्यावर बोनस सोडणं परवडतंय. बोनेट आणि काच विम्याबाहेर ठेवली. काचेत रेझिन भरून झालं. टवके रविवारी करणार, बाटल्या आणल्यात.

दारासाठी विजयनगरकडे रंग न काढता पोचे काढणारा एक कारागीर मिळाला. दाराचं आतलं पॅनल काढून लांब सळ्यांनी मागून दाबत दाबत, समोर पट्ट्यापट्ट्यांचा दिवा लावून त्याच्या प्रतिबिंबात बघत होता. पट्टे सरळ झाले तसा पोचा गेला. नवीन दार सांगितलं होतं मला! रबराचे वळ पॉलिशने निघाले.

बंपर रंगून आल्यावर ताब्यात घेताना काय पाहू?

पत्रेकाम | गुरुवार, रात्री ९:१०

दार वाचलं, फार छान झालं. पोच्याला धारदार घडी नव्हती आणि रंग फुटला नव्हता म्हणून जमलं. आतलं पॅनल परत लावताना मधला प्लास्टिकचा कागद नीट चिकटवलाय ना विचारा, आणि दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं मोकळी आहेत ना पाहा.

गाडी दिवसाउजेडी घ्या, ट्यूबलाइटखाली नाही. बंपर आणि फेंडर यांची छटा तीन कोनांतून पाहा. पर्लमध्ये समोरून जुळतं आणि तिरकं पाहिलं की वेगळं दिसतं. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या हव्यात. हेडलाइटच्या आणि रबराच्या कडेला रंगाचे फवारे उडालेत का बघा. जुने भाग परत मागून डोळ्यांनी पाहा, म्हणजे कंडेन्सर खरंच बदलला हे कळेल. महिनाभर नव्या रंगावर मेण किंवा कोटिंग नको, आणि पक्ष्याची घाण पडली तर लगेच धुवा.

राऊ_सर्कल | शुक्रवार, सकाळी १०:००

माझं रोजचं जाणं-येणं महू-पिथमपूर. सिरॅमिक कोटिंग करून घेतलं तर टवके थांबतील का? आणि पुढे लोखंडी गार्ड लावला तर?

पिथमपूर_पेंटशॉप | शुक्रवार, सकाळी ११:२५

सिरॅमिकने खडा थांबत नाही. तो थर एक-दोन मायक्रॉनचा. पाणी घसरतं, धूळ कमी बसते, बारीक ओरखडे थोडे टळतात, एवढंच. खडा अडवते ती पीपीएफ, पॉलियुरेथेनची १५०-२०० मायक्रॉनची फिल्म, म्हणजे तुमच्या अख्ख्या रंगाहून जाड. सगळ्या गाडीला लावायची गरज नाही. बोनेटचा पुढचा भाग, बंपर, आरशांच्या पाठी आणि मागच्या चाकांच्या पुढचा पट्टा एवढ्याला लावलीत तरी बराच मार वाचतो. तुमच्याच चाकाने उडवलेले खडे त्या पट्ट्यावर बसतात, तिथे फिल्म नसेल तर निदान मडफ्लॅप लावा.

लोखंडी गार्ड नको. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना तो काढायला कळवलं आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा भंग होतो. धडकेत त्याचा जोर थेट चॅसीवर जातो, एअरबॅगच्या सेन्सरचं गणित चुकतं आणि पायी चालणाऱ्याला तो जीवघेणा ठरतो. खडा तर त्याच्या नळ्यांमधून आत येतोच. कंडेन्सरची काळजी असेल तर बंपरच्या खालच्या जाळीमागे बारीक विणीची ॲल्युमिनियमची जाळी बसवून घ्या. हवा अडणार नाही इतपत विरळ हवी, आणि पावसाळा संपला की काढून धुवायची.